केल्डीच्या बांधातले खिंडार

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर केल्डी नावाचे मच्छीमारांचे एक जुने गाव आहे. गावाच्या टोकापासून एक दगडी बांध समुद्रात शिरतो आणि समोरच्या लहानशा खडकाळ बेटापर्यंत जातो. पण मध्येच तो तुटलेला आहे. दोन्ही बाजूंचे दगड नीट रचलेले, कडा शाबूत, आणि मध्ये एखादी म्हैस आडवी उभी राहील एवढे खिंडार. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी असते, भरतीला छातीभर. हा बांध लाटांनी फोडलेला वाटत नाही. लाटा इतक्या नीटनेटक्या नसतात. कोणीतरी जाणूनबुजून सोडलेली ही जागा आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते, आणि तो लगेच विचारतो, "हे बुजवत का नाहीत?"

सरकारनेही हा प्रश्न विचारून पाहिला आहे. दर पिढीत एक इंजिनिअर टेप घेऊन येतो, खिंडार मोजतो, गावकऱ्यांकडे चहा पितो, गोष्ट ऐकतो आणि परत जातो. प्रस्ताव विचाराधीन राहतो. जगातल्या सगळ्या विचाराधीन प्रस्तावांमध्ये बहुधा हा एकच असा असावा, की तो तसाच पडून राहण्यात सगळ्यांचे भले आहे.

हाच प्रश्न जालन्याच्या मनोरमाबाई खरात यांनीही विचारला. पण त्या काही बांध पाहायला आल्या नव्हत्या. त्या आपल्या आजीच्या बहिणीला शोधायला आल्या होत्या.

आजीचे नाव सगुणा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात आईबाप वाटेतच गेले, तेव्हा दहा-अकरा वर्षांची सगुणा आपल्या पाठच्या बहिणीला, रखमाला, कडेवर घेऊन चालत चालत एका मिशनच्या आवारात येऊन पोचली. रखमा पाच वर्षांची होती. एरवी ती चालली असती. पण तिच्या पायांत चालण्यासारखे काही उरले नव्हते. मिशनमध्ये दोघींना पेज मिळाली, छप्पर मिळाले आणि बाप्तिस्मा मिळाला. रखमाची राहेल झाली. सगुणा मात्र सगुणाच राहिली, कारण दुसऱ्या कुठल्याही नावाला तिने ओ दिली नाही. पुढे तिथल्या मिस ऑगिल्वी आजारी पडून मायदेशी निघाल्या. रखमा त्यांच्या हातूनच जेवायची, म्हणून त्यांनी तिला बरोबर न्यायचे ठरवले. तिला एकटीलाच. दोघींना नेणे शक्य नाही, असे सगुणेला सांगण्यात आले.

निघायच्या सकाळी आवारात बैलगाडी उभी होती. गाडीची चाके उंच. रखमाने सवयीने दोन्ही हात वर केले. आणि जिने तिला अर्धा मुलूख कडेवर मिरवले होते, त्या सगुणेने आपले हात मागे घेतले.

"जा की तुझ्या पायांनी," ती म्हणाली.

रखमा चाकाच्या आऱ्यांवर पाय देत एकटीच वर चढली. गाडी गेली. त्यानंतर तिची काहीही खबर आली नाही.

सगुणाआजी ऐंशीच्या वर जगली. मिस ऑगिल्वींच्या गावाचे नाव केल्डी, एवढे तिने जपून ठेवले होते आणि प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन'च्या आधी ती ते रोज म्हणत असे. शेवटच्या आजारात तिचे एकच चालू होते. "तिला उचलून घालायचं राहिलं. कुणी उचललं असेल का गं तिला?" मनोरमा तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. "उचललं असेल, आजी," ती म्हणाली. आजीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की पुढे सबंध नोकरीत मनोरमाबाईंनी कोणत्याही पेशंटला स्वतःला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली नाही.

आता मुलगा ॲबर्डीनला नोकरीला लागला होता. त्याने नकाशात केल्डी शोधून दिले आणि आईवडिलांना बसमध्ये बसवून दिले. वडील म्हणजे शमुवेलराव. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. जे दप्तरात आहे ते आहे, बाकीची अफवा, अशी त्यांची साधी श्रद्धा होती, आणि रविवारच्या उपासनेइतकीच ती नियमित होती.

गावातली घरे समुद्राकडे पाठ करून उभी होती. चर्चमधल्या बाईंनी जुन्या दफनांची पुस्तके मोठ्या उत्साहाने काढून दिली. शमुवेलरावांनी चष्मा पुसला, पुस्तकाचा वास घेतला, आणि घरी आल्यासारखे खुर्चीत बसले.

"बघ सिस्टर, याला म्हणतात दप्तर," ते म्हणाले. रागात नसले की ते बायकोला सिस्टर म्हणत.

"दप्तराचं कौतुक नंतर करा. तिचं नाव बघा."

"बघतोय ना. सगळ्या पुरुषांची मिळून नावं चार आणि आडनावं दोन. इथल्या पोस्टमनला मेल्यावर सरळ स्वर्ग मिळत असेल."

ऑगिल्वी सापडल्या. केल्डीला पोचून दोन हिवाळे काढले, न काढले तोच त्या गेल्या होत्या. पण त्यापुढची पाने उघडेनात. कधीतरी छत गळले होते आणि कित्येक वर्षांची मेलेली माणसे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता.

"आपल्याकडे वाळवी, यांच्याकडे ओल," शमुवेलराव म्हणाले. "राज्यं बदलतात, दप्तराचं नशीब काही बदलत नाही."

"म्हणजे ती नाही?"

"कागदावर नाही."

"मी कागदाचं विचारत नाहीये."

शमुवेलरावांनी पुस्तक मिटले. "मग कशाचं विचारतेस, मनोरमा? ती जगली कधी, मेली कधी, एवढं फार तर सापडेल. कुणी कुणाला उचललं याची नोंद जगातल्या कुठल्याच दप्तरात नसते." हे त्यांनी चेष्टेने म्हटले नव्हते.

चर्चमधल्या बाईंनाच वाईट वाटले. गावाची दफने इथे नाहीत, समोरच्या बेटावर आहेत, असे त्यांनी सांगितले. बांधावर ॲलेक फिंडले असतील. ओहोटी लागली की ते माणसे पलीकडे पोचवतात.

ॲलेक फिंडले पंचाऐंशीच्या घरातले होते आणि खिंडाराच्या कडेला एका उलट्या टोपलीवर बसले होते. शेजारी त्यांची मुलगी मोरॅग गमबूट घालून उभी होती. पन्नाशीची, खांद्याने रुंद, कमी बोलणारी. पाणी अजून कमरेएवढे होते. थांबावे लागणार होते.

"हे बुजवत का नाहीत?" मनोरमाबाईंनी विचारले.

म्हाताऱ्याने पाइप खिशात टाकला. शमुवेलरावांनी नोकरीत इंग्रजी टिपणे लिहिण्यात जन्म घालवला होता, पण ॲलेकच्या इंग्रजीपुढे त्यांनी पहिल्या वाक्यालाच शस्त्रे खाली ठेवली. मनोरमाबाईंनी मिशनच्या दवाखान्यात तऱ्हेतऱ्हेची इंग्रजी ऐकली होती. त्यांना सगळे समजत होते.

फार पूर्वी, असे सांगतात, हा बांध नव्हता. किनारा उथळ. होड्या बेटाच्या आडोशाला, खोल पाण्यात उभ्या असायच्या आणि तिथपर्यंत पाण्यातून जावे लागायचे. पुरुष लोकरीचे मोजे घालत. मोजे एकदा भिजले की दिवसभर समुद्रावर वाळत नसत, आणि त्या थंडीत भिजल्या पायांनी जाळे ओढणारा माणूस फार वर्षे जाळे ओढत नसे. म्हणून गावातल्या बायका घागरे वर खोचून पाण्यात उतरत आणि आपापल्या पुरुषांना पाठीवर घेऊन होडीपर्यंत पोचवत. नवरा, बाप, भाऊ, मुलगा. रोज पहाटे. याचे कोणाला काही वाटत नसे. उलट, मुलीला सोयरीक आली की मुलाकडचे लोक आधी तिची पाठ बघत, म्हणे.

त्या काळी गावात ग्रिझेल नावाची बाई होती. तिचा नवरा समुद्रात गेलेला. त्याच्या मागे एक मुलगा, यूअन. नवऱ्याला नेले त्याच पाठीवरून ती मुलाला नेई. यूअन वाढून ताडमाड झाला, त्याचे पाय पाण्याला टेकू लागले, तरी ती नेई. लोक हसत. "ग्रिझेल, तुझं उलटं झालंय, शिंगरू खाली आणि घोडा वर," असे म्हणत. ती ऐकून घेई. तिचे सगळे सुख तेवढ्या वाटेत होते, असे सांगतात. घरात तो कमी बोले, पण पाठीवर बसला की तिच्या कानाशी बडबडे.

एके सकाळी पाण्याच्या काठावर शेजारणीने ग्रिझेलला विचारले, "मग यूअन गेला की तुझं कसं होणार?" ग्रिझेलला काही कळेना. शेजारणीने जीभ चावली, पण मग तिला सांगावेच लागले. यूअनने उत्तरेकडे देवमासे मारायला जाणाऱ्या जहाजावर नाव घातले होते. दोन वर्षांसाठी. सगळ्या गावाला माहीत होते. फक्त आईला नव्हते.

यूअन आला आणि रोजच्यासारखा तिच्या मागे उभा राहिला. ग्रिझेल वाकली नाही.

"चल ना," तो म्हणाला. "होडी खोळंबलीय."

"जहाजावर नाव घालताना माझी पाठ लागली नाही ना तुला? मग होडीपर्यंत कशाला लागते? जा तुझ्या पायांनी."

यूअन हसला, असे सांगतात. त्याला वाटले, संध्याकाळपर्यंत राग जाईल. त्याने बूट-मोजे काढून गळ्यात अडकवले आणि तो पाण्यात शिरला. निम्म्या वाटेवर वळला आणि ओरडून म्हणाला, "आई, पाणी फार गार नाही!"

तेच त्याचे शेवटचे बोलणे. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. वादळ नव्हते, धुके नव्हते. बाकीच्या होड्या परत आल्या. ती एक आली नाही. वल्हेसुद्धा वाहून आले नाही.

ग्रिझेल रडली की नाही, याबद्दल गोष्टीत काही नाही. गोष्टीत एवढेच आहे, की दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी काठावर आली आणि घागरा खोचून उभी राहिली. नेण्यासारखे तिचे कोणी उरले नव्हते. तेव्हा एक पोरका खलाशी कडेला बूट काढत बसला होता. त्याला नेणारे कोणी नव्हते म्हणून तो रोज भिजत जाई. ग्रिझेल त्याच्यापुढे वाकली. तो लाजला. ती म्हणाली, "बस. माझी पाठ शाबूत आहे तोवर या गावातून कोणी आपल्या पायांनी जाणार नाही."

हाच तिचा पण. ज्याचे कोणी नाही, त्याला ग्रिझेल. विधुर, पोरके, परगावचे, बायकोशी भांडून आलेले, सगळे तिच्या पाठीवरून जात. पण जाताना भरलेली पाठ येताना रिकामी होई आणि रिकामी पाठ तिला सोसेना, असे सांगतात. म्हणून परतताना ती बेटावरून एक दगड पाठीवर घेई आणि गावाच्या कडेला आणून ठेवी. एकावर एक, एकापुढे एक. अशी वर्षे गेली. दगडांची ओळ पाण्यात शिरली. तेव्हा पुरुषांच्या ध्यानात आले, की म्हातारी बांध घालते आहे. त्यांनाही उत्साह आला आणि त्यांनी बेटाच्या बाजूने दगड रचायला घेतले. पुरुषांना एखादे काम बाईने निम्मे केलेले दिसले की उत्साह येतोच.

दोन्ही टोके जवळ आली. आता शेवटचे थोडे अंतर उरले. एका सकाळी पुरुष मोठे दगड घेऊन आले, तर ग्रिझेल त्या अंतरात, पाण्यात उभी.

"बाजूला हो, ग्रिझेल. दिवसभराचं काम आहे. उद्यापासून कुणाचे पाय भिजणार नाहीत. तुझीही सुटका होईल."

"सुटका कुणी मागितली?"

"अगं, पण तू तर एवढी वर्षं याचसाठी..."

"बांध पुरा झाला तर तुम्ही सगळे आपापल्या पायांनी जाल," ती म्हणाली. "आपल्या पायांनी गेलेला एक मी पाहिलाय. एवढी जागा राहू द्या. जाणाऱ्यानं कुणाच्या तरी गळ्यात हात घातल्याशिवाय या गावातून जाता कामा नये."

दगड तिथेच खाली ठेवले गेले.

ती म्हातारी होऊन वाकली. नंतर नंतर तिला कोणाला उचलता येईना, तरी ती खिंडारात येऊन उभी राही आणि जाणाऱ्याच्या पाठीला नुसता हात लावी. तिला विचारले, की बाई, पाणी किती गार आहे, तर म्हणे, "फार गार नाही." ती गेली तेव्हा तिला कुठे पुरायचे, याचा वाद झाला नाही. बेटावरून यूअनची वाट दिसते. पण तिरडीसारखे काही आणून चार जणांनी न्यायचे, हे कोणाला पटेना. मग तो पोरका खलाशी, जो आता स्वतःच आजोबा झाला होता, पुढे आला आणि वाकला. ग्रिझेलला त्याच्या पाठीवर बांधले आणि त्याने तिला खिंडारातून पलीकडे नेले.

तेव्हापासून केल्डीची माणसे मेल्यावर बेटावर जातात आणि कोणाच्या तरी पाठीवरूनच जातात. पोचवून येणारा रिकाम्या पाठीने येत नाही. बेटावरचा एक दगड आणतो आणि बांधावर ठेवतो. बांध दरवर्षी थोडा रुंद होतो. लांब होत नाही. आणि ज्याचे कोणी नाही त्याला बांधाच्या तोंडाशी असलेल्या घरातले माणूस नेते. ते घर त्या खलाशाचे. त्याचे आडनाव फिंडले.

"म्हणून आम्ही नाव विचारत नाही," ॲलेक म्हणाले. "नावं इथं सगळ्यांची सारखीच. आम्ही विचारतो, कुणाच्या पाठीवरून गेला?"

पाणी आता मांडीपर्यंत उतरले होते.

"काय म्हणाला तो?" शमुवेलरावांनी हळूच विचारले. "मला 'फिंडले' एवढंच कळलं."

पण मनोरमाबाई ॲलेककडे वळून बोलू लागल्या. आजीचे, बैलगाडीचे, वर केलेल्या हातांचे त्यांनी सांगितले. तेच शब्द आले तेव्हा त्या अडखळल्या; कारण मराठीत जे आजी म्हणाली होती, ते आत्ताच एका परक्या माणसाच्या तोंडून त्यांनी ऐकले होते.

ॲलेकने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लांबून आलेली ती," ते म्हणाले. "काळीसावळी. मिस ऑगिल्वींची. हो ना?"

मनोरमाबाईंनी मान हलवली.

"मी पाहिली नाही. माझ्या जन्माआधीची गोष्ट. मिस ऑगिल्वी गेल्यावर ती हेरिंग मासे साफ करायच्या कामाला लागली. बोटांना चिंध्या गुंडाळून सुरी चालवायची. हात फार चपळ होते, म्हणे. बोलायची कमी. विशी ओलांडली असेल नसेल, छातीच्या दुखण्यानं गेली. तेव्हा सगळे छातीनंच जायचे."

"मग तिला..."

"तिचं कोणी नव्हतं. म्हणजे आमचं घर. माझी आजी बेसी. तिनं नेली. आजीनं आयुष्यात पुष्कळ जणांना नेलं. भले दांडगे कोळी नेले. पण सांगायची ती या एकीचंच. म्हणायची, इतकी हलकी होती, की अर्ध्या पाण्यात मी मागं हात लावून पाहिला, आहे ना म्हणून."

शमुवेलरावांनी पुन्हा विचारले नाही. बायकोच्या पाठीकडे पाहून त्यांना काही तरी कळले असावे.

पाणी गुडघ्यावर आले. मोरॅग खिंडारात उतरली आणि पाठ करून वाकली.

"मी?" मनोरमाबाई म्हणाल्या. "अहो, मी सत्तरीला आलेली बाई. जन्मभर लोकांना स्ट्रेचरवर घातलं. मला कोण उचलणार?"

"रीत आहे," ॲलेक म्हणाले.

मनोरमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "तुम्ही येता?"

"नको. माझं वजन शासकीय आहे," शमुवेलराव म्हणाले. "तू जा. सांभाळून."

साडी गुडघ्यापर्यंत आवरून, परक्या देशातल्या परक्या बाईच्या गळ्यात हात घालून मनोरमाबाई पलीकडे गेल्या. मोरॅगच्या केसांना मिठाचा आणि साबणाचा वास येत होता. लहानपणी सगुणाआजीने आपल्याला असेच उचलले असेल, असे त्यांना वाटले, पण आठवेना. ज्याला उचललेले असते त्याला ते आठवत नाही; न उचललेलेच तेवढे आठवते.

बेटावरचे दगड ठेंगणे, शेवाळलेले. मोरॅगने एका दगडावरचे गवत बाजूला केले. वर राहेल. आडनाव नाही, साल झिजलेले. आणि खाली, केल्डीच्या रीतीप्रमाणे एकच ओळ: बेसी फिंडलेच्या पाठीवरून.

मनोरमाबाई तिथे बसल्या. प्रार्थना सुचली नाही. "आजी, उचललं होतं," एवढेच त्या मोठ्याने म्हणाल्या. आजीची नजर आता त्यांना झेपली असती.

मग त्या उठून खिंडाराच्या कडेला आल्या. पलीकडे शमुवेलराव उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, साहेबापुढे उभे राहावे तसे.

"नोंद आहे!" मनोरमाबाई ओरडल्या.

"कसली?"

"उचलल्याची!"

शमुवेलरावांनी चष्मा काढला आणि तो पुसायचे विसरून नुसता हातात धरून ठेवला.

मोरॅग पुन्हा पाण्यात उतरून वाकली. पण मनोरमाबाईंनी नको म्हणून सांगितले. त्या मागे वळल्या, राहेलच्या उशाशी पडलेला एक लांबट दगड त्यांनी उचलला. पाठीवर न घेता त्यांनी तो डाव्या कडेवर घेतला, त्याच्याभोवती पदर आवळला, आणि पदराचे टोक कमरेला खोचले. ओझे कडेवर आले तशी त्यांची कंबर आपोआप एका बाजूला कलली. मोरॅगने हात पुढे केला, पण ॲलेकने पलीकडून मान हलवली आणि तिने तो मागे घेतला. मनोरमाबाई पाण्यात शिरल्या.

"अगं, काय करतेस!" शमुवेलराव ओरडले. "पाणी बर्फासारखं असेल!"

मनोरमाबाई मध्यावर थांबल्या. दगड घसरू लागला होता, तो त्यांनी एक हिसका देऊन वर घेतला.

"फार गार नाही," त्या म्हणाल्या.

आजही केल्डीच्या बांधात ते खिंडार तसेच आहे. पाहुणे येतात, विचारतात, आणि ओहोटीची वाट पाहत गोष्ट ऐकतात. गावाच्या बाजूच्या कडेला, बाकीच्या दगडांत एक लांबट दगड निजवलेला आहे. त्यावर कोणी बसत नाही. ॲलेक आता बेटावर आहेत, मोरॅगच्या पाठीवरून गेलेले. आता गोष्ट मोरॅगच सांगते आणि शेवटी थोडी भर घालते. लांबून आलेली एक म्हातारी, म्हणे, एका मुलीला कडेवर घेऊन इथून चालत आली. तो दगड होता की मुलगी, याबद्दल गावात दोन मते आहेत. मोरॅग वाद घालत नाही. ती एवढेच सांगते, की पाण्याबाहेर आल्यावर त्या बाईने ते ओझे टाकले नाही. वाकली, आणि लेकराला कडेवरून उतरवतात तसे, आधी पाय टेकवून, मग उतरवले.